दहाची गोळी, बारा दिवस, फरक शून्य. डोस वाढवून मागू का?

पारिजात_नेरूळ | १३ जून, रात्री ११:५२

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय, चुका पोटात घाला.

वय ३९, राहते नेरूळला, ऑफिस ऐरोलीला. फेब्रुवारीपासून सगळं बिनसलंय. पहाटे साडेतीनला टक्क जाग येते, मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. केस विंचरायचा कंटाळा. चहा समोर घेऊन त्यावर साय धरेपर्यंत बसून राहायचं. लोकलमध्ये घणसोली गेलं की रडून घ्यायचं आणि ऐरोलीला डोळे पुसून उतरायचं, हे आता वेळापत्रकासारखं झालंय.

फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन करून घेतलं. सगळं नॉर्मल. मग वाशीला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. डिप्रेशन आहे म्हणाले. २ जूनपासून त्यावरची गोळी, एस्सिटालोप्राम, सुरू आहे, सहा दिवस ५ मिलिग्रॅम आणि नंतर १०. शिवाय रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम पाव मिलिग्रॅम. पाच-सात मिनिटांत चिठ्ठी हातात आणि "पंधरा दिवसांनी या". काय होईल, कधी होईल, काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, बाहेर वीस जण बसले होते.

पहिल्या दोन-तीन रात्री झोप लागली, वाटलं चला, लागू पडलं. आता परत साडेतीन. तोंडाला कोरड, मळमळ, आणि बाकी फरक शून्य. वटपौर्णिमेला ऑफिसात सगळ्या नटून आल्या होत्या, मी आदल्या दिवशीच्याच कुर्त्यात.

एक मैत्रीण म्हणते तिच्या नणंदेला थेट २० ची दिली होती आणि चौथ्या दिवशी बाई टवटवीत. मग माझी १० कमी पडतेय का? मंगळवारी दाखवायला जायचंय, तोवर दोन-दोन घेऊन बघू का? की ही गोळीच माझ्यासाठी नाही?

खिडकीची_जागा | १४ जून, रात्री १२:१५

दोन-दोन अजिबात घेऊ नका. मंगळवार काही लांब नाही.

मळमळीचं सांगते. मला पहिले आठ-दहा दिवस सकाळी पोळीचा वास सहन व्हायचा नाही. डॉक्टरांनी गोळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली, मग निभावलं. ती मळमळ गेली तशी आपोआप गेली, कधी गेली कळलंही नाही.

कोलशेतचा_कोळी | १४ जून, सकाळी ७:४०

ताई, हिशेब चुकतोय. धाग्याच्या नावात "दहाची गोळी, बारा दिवस" लिहिलंय, पण सहा दिवस तर पाचाचे होते. दहाचा काल सहावा दिवस. पाच ही बहुतेक पोटाला सवय व्हावी म्हणून दिलेली असते. सहा दिवसांत मेथी उगवते, माणूस नाही.

आणि पहिल्या रात्रीची झोप क्लोनाझेपामची. ती गोळी तासाभरात काम करते. आमच्या मातोश्रींनी उलटं केलं होतं. "ही छोटीच चांगली आहे, मोठीने काही होत नाही" म्हणून मोठी बंद केली आणि छोटी चालू ठेवली. पुढे ती छोटी सोडवताना नाकी नऊ आले.

पारिजात_नेरूळ | १४ जून, सकाळी ८:०५

अरे देवा. हे लक्षातच आलं नव्हतं. मी दोन्ही गोळ्यांचं श्रेय एकीलाच देत होते.

नौपाडा_मेडिकल | १४ जून, दुपारी ३:२०

मी नौपाड्यात २६ वर्षं औषधाचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काउंटरवर दर आठवड्याला हा संवाद होतो. "काका, दहाची नको, वीसची द्या." चिठ्ठी दाखवा म्हटलं की माणूस गप्प. लोकांच्या डोक्यात असं बसलंय की मिलिग्रॅम म्हणजे आजाराचे मार्क. ज्याला २० त्याला जास्त वेड, ज्याला ५ त्याला थोडं. तसं काही नसतं. एका औषधाचे मिलिग्रॅम दुसऱ्याशी ताडून बघता येत नाहीत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही सगळी डिप्रेशनचीच औषधं, पण पहिल्याचे १०, दुसऱ्याचे ५० आणि तिसऱ्याचे २० ही साधारण एकाच तोडीची मात्रा. शेजारणीला पन्नासची दिली आणि मला दहाचीच, म्हणून रुसणारे मी पाहिलेत. सर्ट्रालिन गरज पडली तर २०० पर्यंत नेतात, एस्सिटालोप्रामची हद्दच २० आहे. पारिजातताई, म्हणजे तुम्ही "दोन-दोन" म्हणता तेव्हा एका उडीत शेवटच्या पायरीवर जाताय.

दुसरं, गोळी अर्धी करायची असेल तर आधी मधोमध रेघ आहे का बघा. रेघ असेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबली की कट्कन तुटते. भाजीच्या सुरीने कापू नका, एका बाजूला पाऊण आणि दुसऱ्या बाजूला पाव होते, उरलेली पूड ओट्यावर. एक आजी ती पूड जिभेवर टाकायच्या, वाया जाऊ नये म्हणून. भयंकर कडू!

निसर्ग_हाच_गुरू | १४ जून, सायं. ६:०२

या गोळ्यांची एकदा सवय लागली की सुटत नाही. माझं ऐका, पहाटे पाम बीच रोडला चाला, अश्वगंधा घ्या, मोबाइल बंद. आपल्या आज्यांना कुठे होतं डिप्रेशन?

खिडकीची_जागा | १४ जून, सायं. ६:३०

आपल्या आज्यांना होतं. त्याला "अंगात येतं", "विहिरीकडे जाऊ देऊ नका" असं म्हणायचे. माझ्या सख्ख्या आजीबद्दल बोलतेय.

आणि चालायला जायला आधी पलंगावरून उठावं लागतं. तेच तर होत नाही ना.

अर्धा_कटिंग | १४ जून, रात्री १०:४५

मी मनोविकारतज्ज्ञ, ठाण्यात प्रॅक्टिस करतो. इथे कुणालाही डोस सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरेल. पण "इतका वेळ का लागतो" हे पाच-सात मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितो. (कबुली: मीसुद्धा गर्दीच्या दिवशी सांगत नाही.)

घोडबंदर रोडवाल्यांना सोसायटीची टाकी समजावून सांगावी लागत नाही. टाकीत पाणी म्हणजे सेरोटोनिन, मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, असं समजा. तळाशी पाणी परत ओढून घेणारा पंप आहे. गोळी तो पंप अडवते, आणि हे काम पहिल्या दिवशी, काही तासांत होतं. मग पाणी वाढायला हवं. पण टाकीत बॉलकॉकही असतो. पातळी जरा वर आली की बॉल उचलला जातो आणि वरून येणारं पाणी बंद. मेंदूतल्या पेशींवर असे बॉलकॉक असतात, ते म्हणतात "बास, पुरे झालं". सतत पातळी वर राहिली की दोन-तीन आठवड्यांत ते बॉल सैलावतात आणि मग खरा प्रवाह सुरू होतो. उदाहरण ढोबळ आहे, मेंदू टाकीपेक्षा बराच भानगडीचा आहे. सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन, इतकं सोपं समीकरण तर नाहीच. पण उशिराचं एक कारण हे.

आता दुप्पट डोसचं. मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतं की नेहमीच्या सुरुवातीच्या उपचारमात्रेलाच साधारण ८० टक्के पंप अडलेले असतात. दुप्पट घेतली म्हणून १६० टक्के होत नाहीत. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच चाचण्या एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं होतं. फ्लुओक्सेटिनच्या २० ते ४० मिलिग्रॅमच्या तोडीच्या मात्रेपर्यंत फायदा वाढतो, पुढे आलेख सपाट होतो. त्रास सहन न होऊन औषध सोडणारे मात्र वाढत जातात. हे सरासरीचं झालं. एखाद्याला जास्त मात्रा लागते आणि आम्ही देतोही. पण सहाव्या दिवशी नाही.

गंमत म्हणजे डिप्रेशनवरच्या औषधांचा शोधच अपघाताने लागला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर टीबीच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं औषध देऊन बघत होते. फुप्फुसांचं काय ते झालं, पण खाटेला खिळलेली माणसं हसायला-बोलायला लागली, जेवण वाढवून मागायला लागली. तिथून हा सगळा प्रवास.

कोलशेतचा_कोळी | १४ जून, रात्री ११:१०

बॉलकॉक आवडला. आमच्या टाकीचा गेल्या मेपासून अडकलाय, कमिटीला कुठली गोळी देऊ?

घणसोली_२२ | १५ जून, रात्री १:३५

वाचत होतो फक्त. मलापण चालू केलीय, फ्लुओक्सेटिन २०. पाचवा दिवस. मला उलटंच होतंय. एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात, छातीत धडधड. आणि डोक्यात नको ते विचार, आधी इतके नव्हते. हे नॉर्मल असतं का? दोन आठवडे थांबायचं का मीपण?

अर्धा_कटिंग | १५ जून, रात्री १:५०

नाही. तुम्ही थांबायचं नाही.

आत्ता घरात जो कुणी असेल त्याला उठवा आणि हे वाक्य जसंच्या तसं दाखवा. एकटे राहू नका. १४४१६ ला फोन लावा, टेलि-मानस, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. विचार आवरत नसतील तर सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. नाहीतर सकाळी पहिलं काम, ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना फोन. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर असं होऊ शकतं, हे माहीत असलेलं आहे. यात तुमची काही चूक नाही.

घरी कोण आहे? इथे लिहा.

घणसोली_२२ | १५ जून, रात्री २:०४

दादा आहे. उठवला.

खिडकीची_जागा | १५ जून, रात्री २:१०

शाब्बास रे बाळा. मी जागी आहे, लिहीत राहा.

घणसोली_२२ | १५ जून, दुपारी १२:३०

दादासोबत जाऊन आलो. डॉक्टरांनी ती गोळी तात्पुरती थांबवली, पायांच्या अस्वस्थपणासाठी दुसरं दिलंय, बुधवारी परत बोलावलंय. त्यांनी विचारलं की मधे कधी चार-पाच दिवस न झोपताही फुल एनर्जी, खूप खर्च, खूप बडबड असं झालं होतं का. झालं होतं, अकरावीत. ते आधी सांगितलंच नव्हतं मी. ते म्हणाले, मग औषध वेगळं लागू शकतं. दादा आजपासून माझ्याच खोलीत झोपणार. घोरतो तो, पण ठीक आहे.

अर्धा_कटिंग | १५ जून, दुपारी २:००

उत्तम. आणि इतरांसाठी, तो अकरावीचा प्रसंग म्हणजे सोन्यासारखी माहिती आहे. पहिल्या भेटीत असं काही असेल तर न विचारताही सांगा.

पाचपाखाडी_७१ | १६ जून, सकाळी ६:१५

नमस्कार मंडळी. हळू टाइप करतो, सांभाळून घ्या.

सौ. गेल्या, त्यानंतर मी आठ महिने तलावपाळीला गेलो नाही. घरापासून चालत पंधरा मिनिटं. आमच्या पिढीत मानसोपचार म्हटलं की "ठाण्याला पाठवा" हा विनोद. डोंबिवली-गिरगावचे लोक करतात तो, पण आम्ही ठाण्यातच राहणारे, आम्हाला कुठे पाठवणार? १९०१ सालापासून ते मनोरुग्णालय आमच्या गावात उभं आहे आणि मी आयुष्यभर त्याच्या भिंतीवरून मान वळवून गेलो. सुनेने शेवटी हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं.

मला एस्सिटालोप्राम ५ आणि मग १०. डॉक्टरांनी आधीच बजावलं की तुमच्या वयाला १० च्या वर जायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात चक्कर, गोंधळल्यासारखं, एकदा स्वतःच्याच इमारतीत चुकीच्या मजल्यावर बेल वाजवली. घरच्यांना वाटलं वयामुळे. रक्त तपासलं तर सोडियम १२२. १३५ च्या वर हवं म्हणे. बीपीची पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी आणि ही गोळी, दोन्ही मिळून सोडियम उतरलं. तीन दिवस ॲडमिट. मग बीपीची गोळी बदलली, ही बदलून मिर्टाझापिन दिली. म्हणून वयस्करांनी ही तपासणी विसरू नये.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. गुण आला हे मला कळलंच नाही. नव्या गोळीच्या साधारण चौथ्या आठवड्यात जेवताना मी म्हणालो, "आमटीला मीठ कमी आहे." सून स्वयंपाकघरात गेली ती बाहेर येईना. मला वाटलं रागावली. बघतो तर मुलाला फोन करत होती, "अहो, बाबांनी मीठ कमी आहे म्हटलं!" आठ महिने मी काय गिळत होतो मला ठाऊक नव्हतं.

पारिजात_नेरूळ | १६ जून, सकाळी ८:२०

काका, घणसोली गेलं आणि आज दुसऱ्याच कारणाने रडले.

आज_नाव_नको | १६ जून, रात्री ११:४८

कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. गोळीने मन ताळ्यावर आलं, पण नवरा-बायकोचं ते सगळं थंडावलं. इच्छा कमी आणि झाली तरी शेवटाला पोचायला प्रचंड उशीर. बायकोला वाटलं माझं बाहेर काहीतरी चालू आहे. तीन महिने लाजेने डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे फारच कॉमन आहे, आणि औषध बदललं. तीन महिने फुकट भांडलो.

कापूरबावडी_सिग्नल | १७ जून, दुपारी १:१५

माझी चूक दुसऱ्या टोकाची. चौथ्या महिन्यात मस्त वाटायला लागलं. म्हटलं झालं काम, आणि गोळी एका दिवसात बंद. कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं, झर्र... झर्र... उड्डाणपुलावर बाइक चालवताना झालं, बाजूला लावून पाच मिनिटं बसलो. ते दोन-तीन आठवड्यांत गेलं. पण अडीच महिन्यांनी मूळ दुखणं परत हजर.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, पूर्ण बरं वाटायला लागल्यावर पुढे किमान सहा महिने, आणि मग पायरी-पायरीने उतरायचं. नशा वेगळी, ही वेगळी. मला कधी गोळीची तलफ आली नाही, वाढवून घ्यावीशी वाटली नाही. शरीराला मात्र झटका बसतो.

मायग्रेनवाली_मानपाडा | १७ जून, दुपारी ४:००

मधेच एक शंका. मला न्यूरॉलॉजिस्टने अमिट्रिप्टिलिन १० दिलंय. नेटवर बघितलं तर डिप्रेशनचं औषध! माझ्यापासून काही लपवताहेत का?

नौपाडा_मेडिकल | १७ जून, सायं. ५:१०

काही लपवत नाहीत. तेच औषध १०-२५ मध्ये डोकेदुखीला, नसांच्या दुखण्याला देतात. डिप्रेशनला देतात तेव्हा ७५, १०० आणि वरसुद्धा जातात. निश्चिंत घ्या. सकाळी डोकं जड राहिलं तर डॉक्टरांना वेळ विचारा.

पारिजात_नेरूळ | १७ जून, रात्री ९:३०

जाऊन आले. या वेळी कागदावर सात प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टर हसले, पण प्रत्येकाचं उत्तर दिलं. म्हणजे विचारलं तर सांगतात, हेही कळलं.

डोस १० च. क्लोनाझेपाम आता अर्धी करून दहा दिवसांत बंद. डिप्रेशन किती आहे ते मोजणारा नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, २७ पैकी १९ आले. आयुष्यात पहिल्यांदा कमी मार्क हवे आहेत. समुपदेशनही सुरू करा म्हणाले, दर शनिवारी ठाण्याला जायचं ठरवलंय. आणि एक काम दिलंय, रोज संध्याकाळी वहीत एकच ओळ, आज काय केलं. कसं वाटलं ते नाही लिहायचं.

निसर्ग_हाच_गुरू | १८ जून, सकाळी ७:००

छान. चालण्याचं मात्र मनावर घ्या. औषधासोबत.

खिडकीची_जागा | १८ जून, सकाळी ७:२५

"औषधासोबत" वाचून डोळे पाणावले, गुरुजी.

पारिजात_नेरूळ | ८ जुलै, रात्री १०:००

पाच आठवडे. फॉर्मवर १४. रडणं कमी, पहाटेची जाग साडेचारवर आलीय. पण कशातच रस नाही, सगळं कापसातून ऐकू आल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, थोडी हालचाल आहे म्हणजे गोळी योग्य, पण एवढ्यावर थांबायला नको. १५ केलंय. मीच जूनमध्ये वाढवून मागत होते आणि आता वाढवल्यावर भीती वाटतेय.

अर्धा_कटिंग | ८ जुलै, रात्री ११:२०

अगदी रास्त निर्णय आहे. जूनमध्ये मी "थांबा" म्हटलं, त्याचा अर्थ "कधीच वाढवू नका" असा कुणी घेऊ नये. चार आठवडे पुरेशी मात्रा घेऊनही काहीच हललं नाही किंवा अर्धवट हललं, तर मात्रा वाढवणं, औषध बदलणं, हे सगळं करायचंच असतं. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे निम्म्याहून कमी. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात ते साधारण तिघांत एक होते. पहिली गोळी चुकली म्हणजे माणूस चुकला, असं नाही.

घणसोली_२२ | २० जुलै, सायं. ७:४०

मी पण ठीक आहे, कुणी विचारण्याआधी सांगतो. आता वेगळं औषध चालू आहे, मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मनाचे टोकाचे चढ-उतार आवरणारं. परवा दादाला म्हटलं आता जा तुझ्या खोलीत. तो म्हणाला, नाही, इथे पंखा चांगला आहे.

पारिजात_नेरूळ | १२ ऑगस्ट, सकाळी ९:१०

ट्रेनमधून लिहितेय, घणसोली गेलं.

काल फॉर्मवर ६. पण ते जाऊ दे. आज सकाळी स्टेशनबाहेर भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून चांगली पाच मिनिटं वाद घातला. ती चाळीस म्हणत होती, मी तीसवर अडून बसले. नेहमीची गाडी चुकली. पुढची येईपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर लक्षात आलं, फेब्रुवारीपासून मी कुणाशी कशावरूनही भांडले नव्हते. सांगेल ती किंमत देऊन पुढे जात होते.

वहीत आजची ओळ आत्ताच लिहून टाकली.

पाचपाखाडी_७१ | १२ ऑगस्ट, सकाळी ९:३२

मग दिली का तीसला?

पारिजात_नेरूळ | १२ ऑगस्ट, सकाळी ९:३५

कुठे! पस्तीस घेतले. उद्या बघते तिच्याकडे.